ट्रॅव्हल जास्त म्हणून चाकं हलकी? गोव्याच्या जांभ्यावर नको

पाऊस ओसरू लागला की गोव्यातल्या सायकलवाल्यांत नव्या बांधणीचे बेत सुरू होतात, आणि त्याच सुमारास एक मजकूर फिरायला लागतो. सारांश असा: १६० मिमी ट्रॅव्हलची (म्हणजे धक्का बसल्यावर चाक एवढं वर सरकतं, अशी) माउंटन बाइक १३ किलोच्या आत आणा, नाहीतर चढ चढवणार नाही. सस्पेन्शन धक्के खातंच, तेव्हा टायर आणि रिम हलके घ्या. फिरतं वजन दुप्पट धरा. ब्रेक लहान लावा, आरे (स्पोक) रिमला धरणारे निपल अॅल्युमिनियमचे. डिचोली-सत्तरीतली नवी मुलं हे वाचून साठवलेले पैसे घालतात, म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा.

सर्वांत घातक मुद्दा सस्पेन्शनचा. दगड आधी टायरला लागतो. उभ्या कडेवर वेगात आदळलं की फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) पुरता दबायच्या आधीच टायर चेपून रिमला टेकलेला असतो. फोर्क १७० मिमीचा असला तरी हेच. शिवाय ट्रॅव्हल जास्त असला की त्याच उतारावर आपण जास्त वेगाने सुटतो, आणि धक्क्यातली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे लांब ट्रॅव्हलच्या सायकलीला चाकं उलट जास्त दणकट लागतात. त्यात आपल्याकडे जांभा. सड्यावरचा उघडा दगड भोकाभोकांचा, धारदार. पंक्चरचं बारीक भोक टायरमध्ये भरलेलं सीलंट बुजवतं, पण चिरलेल्या साइडवॉलपुढे (टायरच्या बाजूच्या भिंतीपुढे) त्याचं काही चालत नाही. २९ इंची टायर पातळ केसिंगमध्ये (रबराखालच्या कापडी थरात) ढोबळमानाने ९०० ग्रॅम, जाड केसिंगमध्ये १,२०० च्या आसपास. पातळ टायर वाचवायला हवा जास्त भरावी लागते, मग पकड जाते, आणि पकडीसाठीच तर ही सायकल घेतली. मी मागे जाड केसिंगच लावायला सांगेन. पुढे एक पायरी हलका चालतो, कारण रिमला पोचे बहुधा मागच्या चाकालाच येतात.

रिमचंही तेच. एएसटीएम या अमेरिकन मानक संस्थेच्या वर्गवारीत कॅटेगरी ३ क्रॉसकंट्रीची, ४ ट्रेल-एन्ड्युरोची (खडतर वाटा-उतारांची), ५ डाउनहिलची. बऱ्याच कंपन्या आपल्या पार्टांना हे वर्ग देतात. कॅटेगरी ३ चा रिम १६० मिमीच्या फ्रेमला लावणं म्हणजे ज्या कामासाठी तो बनलाच नाही ते काम त्याच्यावर लादणं.

आता १३ किलोचा हट्ट. स्वार ७५ किलो, पाणी-हेल्मेट-हत्यारं मिळून ५, सायकल १५. एकूण ९५. सायकलीतून पूर्ण एक किलो काढला तरी एकूण वजनात जेमतेम एक टक्का फरक. सत्तरीतल्या केरीहून चोर्ला घाटाच्या चढाला लागून चाळीस मिनिटं पेडल मारलंत, तर वाचतात सुमारे पंचवीस सेकंद. पाठीवरच्या पिशवीत दोन लिटर पाणी असेल तर तेच दोन किलो आहे. या पंचवीस सेकंदांसाठी फाटका टायर घेऊन जंगलातून चालत यायची तयारी आहे का?

'फिरतं वजन दुप्पट' हे अर्धंच खरं. वेग वाढवताना रिम-टायरचं वजन जवळजवळ दुप्पट भासतं, हे भौतिकशास्त्र बरोबर. पण एकसारख्या गतीने चढताना ग्रॅम तो ग्रॅमच, मग तो चाकात असो वा सीटखाली.

ब्रेकवर फार बोलायलाच नको. १८० ऐवजी २०३ मिमीची डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्क दाबून धरणारा भाग) यांनी थोडेच ग्रॅम वाढतात, आणि लांब उतारावर तापलेला ब्रेक सैल पडत नाही.

निपलांचा सल्ला तर किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी मुळीच मानू नये. दोन चाकांचे ६४ निपल अॅल्युमिनियमचे केले तर जेमतेम ४० ग्रॅम वाचतात. खाऱ्या हवेत ते आतून खातात, कार्बन रिम असेल तर लवकरच, आणि चाक सरळ करायला किल्ली लावली की तुटतात. पितळी घ्या.

वजन कमी करायचंच असेल तर जागा आहेत. कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच. शिमानोच्या १२ स्पीडमध्ये स्वस्तातल्या डिओर मालिकेची १०-५१ दातांची कॅसेट ५९३ ग्रॅम, वरच्या एक्सटीची ४७०. मजबुतीला धक्का न लावता सव्वाशे ग्रॅम गेले, तेही मागच्या चाकातून, म्हणजे सस्पेन्शनला हलवावं लागणारं वजनच कमी झालं आणि चाक जमिनीला जास्त चिकटून राहिलं. त्यानंतर सीट, सीटखालची अनावश्यक हत्यारं, आणि पैसे असतील तर टॉर्क रेंचने (ठराविक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) नीट आवळलेला, चांगल्या कंपनीचा कार्बन हँडलबार.

एवढं करूनही सायकल जड वाटत असेल, आणि मन उतारापेक्षा चढात रमत असेल, तर १३० मिमीची फ्रेम घ्या. ती बांधणीनेच हलकी येते, आणि तिच्यासाठी बनलेले हलके पार्ट तिला खरोखर शोभतात.