मंगळागौर, पाच हजार वॅट आणि आवाज सोडून बाकी सगळं

आमच्या मंगळागौरीच्या ग्रुपने यंदा स्वतःचा स्पीकर घ्यायचा असं आषाढातच ठरवलं आणि तो बघायचं काम माझ्या गळ्यात पडलं, का तर मी शाळेत विज्ञान शिकवते आणि आठवीला ध्वनी नावाचा धडा आहे. "तुला कळतं बाई त्यातलं" असं मोठ्या काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या की विषय संपतो. ध्वनी शिकवणारीला स्पीकर कळतो तर मग पचनसंस्था शिकवणारीकडून उकडीचे मोदक पण करून घ्या ना. पण हे मी मनातच म्हटलं.

स्पीकर हवा मात्र होताच. श्रावणात मंगळवार चार, फार तर पाच, आणि अख्ख्या डोंबिवलीला मंगळागौर त्याच मंगळवारी हवी असते, त्यामुळे आमच्या सुपाऱ्या एक दुपारी एक संध्याकाळी अशा लागतात. पूर्वी आम्ही तोंडाने गायचो. आता फुगडी घालता घालता गायचं म्हटलं तर एकतर फुगडी होते नाहीतर गाणं, म्हणून ट्रॅक लावायचा आणि एकीने बाजूला उभं राहून माइकवर गायचं असं चालू झालं. भाड्याचा साउंडवाला येतो तो हॉलभर वायरी पसरून जातो. नऊवारी, पायात जोडवी, खाली वायर आणि वर बसफुगडी, कधीतरी कोणाचा तरी पाय मोडणार हे नक्की होतं. म्हणून बिनवायरीचा, चाकं असलेला, म्हणजे तो ट्रॉली स्पीकर की काय म्हणतात तो.

ग्रुपवर नुसतं "स्पीकर घ्यायचाय, सुचवा" एवढं टाकलं तर संध्याकाळपर्यंत मेसेजचा पाऊस. एकीच्या मिस्टरांचं म्हणणं बास पाहिजे. एकीचा मुलगा इंजिनिअरिंगला, तो म्हणे कोडेक कोणता ते विचार, म्हणजे ब्लूटूथवरून गाणं आवळून पाठवायची पद्धत. एकीने न बोलता नुसता जांभळ्या लाइटचा फोटो टाकला आणि खाली बदामाचे डोळे. तेव्हाच मला कळून चुकलं की स्पीकर घेताना माणसं आवाज सोडून बाकी सगळं तपासतात. पुढे जे झालं त्यात या मताला कुठेही तडा गेला नाही.

ऑनलाइन मागवू म्हटलं तर मोठ्या काकूंनी साफ नकार दिला. माठ घेताना सुद्धा ठोकून वाजवून घेतो, हा तर वाजवायचाच आहे. मग काय, काकू, खजिनदार वहिनी, बँकेत असलेली आमची सगळ्यात धाकटी आणि मी, अशा चौघी भर पावसात ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात.

दुकानदाराने पहिल्या झटक्यात जो काढला त्याच्या खोक्यावर सोनेरी अक्षरात ५००० वॅट आणि त्याच्या खाली मुंगीच्या अक्षरात पीएमपीओ. "मॅडम, पाच हजार वॉट है, पूरा मैदान हिल जाएगा." आम्हाला मैदान हलवायचं नव्हतं, आम्हाला लाट्या बाई लाट्या करायच्या होत्या, पण वहिनींच्या चेहऱ्यावर पाच हजारला सात हजारात घेतोय म्हणजे स्वस्तच पडला असा भाव दिसायला लागला, तेव्हा मी चष्मा लावून स्पीकर उलटा केला. मागे लेबल. बॅटरी ७.४ व्होल्ट, ४००० एमएएच. म्हणजे गुणाकार केला तर तीस वॅट-तासाला जरा कमी. आता ही बॅटरी खरोखरच ५००० वॅट द्यायला लागली तर किती वेळ पुरेल याचं गणित मी तिथेच बिलाच्या मागे करून दाखवलं. एकवीस सेकंद. "एकवीस सेकंदात पदर खोचून होत नाही हो," काकू दुकानदाराला म्हणाल्या. तो बिचारा हसला आणि मग खालच्या आवाजात म्हणाला की आरएमएस चालीस है.

तर मंडळी, हे लक्षात ठेवा. पीएमपीओ हा आकडा म्हणजे क्षणभरासाठी, कागदावर, सगळं जमून आलं तर. याची मोजायची ठरलेली पद्धतच नाही, त्यामुळे ज्याला जो वाटेल तो आकडा छापता येतो. नव्वदच्या दशकातल्या टेपरेकॉर्डरवर पण असेच हजार-दोन हजारचे स्टिकर असायचे आणि घरचा फ्यूज कधी उडाला नाही. बघायचा तो आरएमएस, म्हणजे स्पीकर सतत देऊ शकतो ती ताकद. आणि तोही दुप्पट झाला म्हणून आवाज दुप्पट होत नाही, ४० चे ८० वॅट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट म्हणजे ४०० वॅट लागतात. हे मी दुकानात सांगत असताना धाकटी स्पीकरच्या लाइटचा रील काढत होती.

लाइट हा तर वेगळाच विषय. जाळीच्या मागे गोल फिरणारे लाल निळे हिरवे दिवे, ते गाण्याच्या ठेक्यावर उघडझाप करतात. काकूंचा पहिला प्रश्न, हे बंद कसं करायचं. अन्नपूर्णेच्या मूर्तीवर हिरवा उजेड पडलेला त्यांना चालणार नव्हता, आणि मलाही नाही. दुकानदाराने एक बटण दाबून धरलं तर गाणं बदललं. दुसरं दाबून धरलं तर एफएम लागला, नुसती खरखर. तिसरं दाबलं आणि स्पीकरमधली ती बाई सगळ्या ताकदीने ओरडली, "ब्लूटूथ मोड!" ही बाई प्रत्येक स्पीकरमध्ये असते, तिचा आवाज कमी करायची सोय कुठल्याच बटणात नसते, आणि एकदा तिने तोंड उघडलं की काकूंना सुद्धा गप्प बसावं लागतं, जे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मग रेंज. खोक्यावर १० मीटर लिहिलेलं. वहिनी म्हणाल्या बघूयाच. त्यांचा फोन काउंटरवर, स्पीकर दुकानाच्या आत, गाणं एकदम छान चालू. मी म्हटलं असं नाही, आमच्याकडे फोन आणि स्पीकर यांच्या मधे बायका असतात. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, तेच वायफायचं आणि तेच मायक्रोवेव्हचं, आणि या लहरी पाणी शोषून घेतं, आणि माणूस म्हणजे बरंचसं पाणीच की. "म्हणजे आमच्यामुळे गाणं अडतं?" काकूंनी कमरेवर हात ठेवून विचारलं. मी म्हटलं सगळ्यांमुळेच अडतं काकू, माझ्यामुळे जरा जास्तच. झालं, प्रयोग करायचा ठरला. फोन वहिनींच्या पर्समध्ये, पर्स काखेत, वहिनी दुकानाबाहेर फुटपाथवर छत्रीखाली, आणि मधल्या दोन फूट जागेत आम्ही तिघींनी झिम्मा धरला. शेजारच्या सीसीटीव्हीवाल्या दुकानातली पोरं बाहेर आली. गाणं खरंच तुटायला लागलं, एक ओळ ऐकू आली की पुढची गायब, आम्ही बाजूला झालो की परत सुरळीत. आठवीच्या वर्गात इतका चांगला प्रयोग मला आजवर जमलेला नाही.

तेवढ्यात वहिनींना फोन आला. फोन पर्समध्ये, पण जोडलेला स्पीकरला, त्यामुळे त्यांच्या सासूबाई अख्ख्या लॅमिंग्टन रोडला ऐकू आल्या. "अगं, भाजी फोडणीला टाकलीये, पण गोडा मसाल्याचा डबा कुठे ठेवलायस, आणि किती वेळ फिरणार आहात?" सासूबाईंचा आवाज ४० वॅटवर इतका स्वच्छ आला की त्याच क्षणी काकूंनी स्पीकर पास केला. वहिनींनी फोन कसाबसा कट केला. यावर उपाय आहे, फोन आधी फ्लाइट मोडवर टाकायचा आणि मग फक्त ब्लूटूथ परत चालू करायचं, गाणं वाजतं आणि सासू येत नाही. हे वाक्य मी ग्रुपवर लिहून पाठवलं तर त्याला आजवरचे सगळ्यात जास्त अंगठे आले.

माइक सोबत फुकट होता. फुकटचा माइक म्हटलं की हॅलो हॅलो माइक टेस्टिंग आलंच, ते प्रत्येकीने केलं, आणि धाकटी माइक घेऊन स्पीकरच्या अगदी तोंडासमोर गेली तशी कानात सुई घातल्यासारखी शिट्टी. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, तोच मोठा होऊन परत बाहेर येतो, परत शिरतो, म्हणून माइकवाली नेहमी स्पीकरच्या मागे उभी करायची, एवढं साधं आहे. पण त्यावर एक इको नावाचं बटण असतं ते मात्र घातक. काकूंनी ते पूर्ण फिरवलेलं असताना उखाणा घेतला. नाव एकदा घ्यायचं असतं. इथे काकांचं नाव तीनदा आलं, प्रत्येक वेळी थोडं लांबून, असं वाटलं काका दरीत पडतायत आणि काकू वरून हाका मारतायत. काकूंना ते फार आवडलं. मी गुपचूप बटण शून्यावर आणलं.

पाण्याचं विचारलं तर दुकानदार म्हणाला वॉटरप्रूफ है. खोक्यावर आयपीएक्स४. हा ४ म्हणजे उडालेलं पाणी चालेल एवढंच, आणि एक्सच्या जागी धुळीचा आकडा असायला हवा तो दिलेलाच नाही. ज्यावर आयपी६७ लिहिलेलं असतं तो मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतो, पण तो या भावात मिळणार नव्हता आणि आम्ही फुगडी विहिरीत घालत नाही. एक जुना पावसाळी टेबलक्लॉथ शिवून घेऊ, विषय संपला. असेच दोन घ्या, एकमेकांना जोडले जातात, स्टिरिओ होतो, असंही त्याने सुचवून पाहिलं. वहिनींनी पर्सची चेन लावली.

मी मात्र एक गोष्ट विचारली जी कोणाच्याच यादीत नव्हती, पेनड्राइव्ह लागतो का. लागतो. मग मला बाकी काही नको होतं. पेनड्राइव्हला रेंज नाही, सासूबाई नाहीत, मधे कितीही बायका नाचल्या तरी फरक नाही. फक्त अशा स्वस्त स्पीकरात बहुतेक वेळा गाण्यांच्या नावापुढे ०१, ०२ लावून काही उपयोग होत नाही, ज्या क्रमाने कॉपी केली त्याच क्रमाने वाजतात, म्हणून एकेक करून टाकायची, नाहीतर पिंग्याच्या आधी आरती लागते. इतका सगळा ब्लूटूथचा खटाटोप करून शेवटी पेनड्राइव्ह लावणार, हे मी कोणाला सांगितलं नाही.

खजिनदार वहिनींनी भाव पाडला तो भाग सोडते, तो वेगळा लेख होईल.

खरी परीक्षा येताना. दुकानात चाकांवर ऐटीत फिरणारा स्पीकर दादरच्या पुलावर चाकं विसरतो. पश्चिम रेल्वेकडून मध्य रेल्वेला जायचं म्हणजे जिने, आणि जिन्यावर ट्रॉलीचं हँडल नुसतं आपल्या नडगीवर आपटायला असतं. खोक्यावर वॅट, तास, मीटर सगळं होतं, वजन नव्हतं. ते मी खांद्याने मोजलं. फास्ट लोकल आली, लेडीज डब्यात चौघी आणि तो असे शिरलो, आणि दारातल्या बायकांनी आमच्याकडे पाहिलं ते बघणं मी इथे लिहू शकत नाही.

कुर्ला गेलं आणि कोणाची तरी बॅग बटणावर टेकली. "ब्लूटूथ मोड!" अख्खा डबा दचकला, दिवे सुरू, लाल निळा हिरवा. मी खाली वाकून बटण शोधतेय तोवर पलीकडच्या सीटवरच्या कॉलेजच्या मुलीने आपला फोन जोडला सुद्धा, याला पासवर्ड बिसवर्ड काही नसतो, जो पहिला येईल त्याचा. तिने ढोलताशा लावला. काकू चिडतील म्हणून मी वर बघितलं तर काकूंचं बोट ताल धरत होतं. कोणी म्हणालं लाइट मस्त आहेत. कोणी म्हणालं केवढ्याला घेतला. कोणी म्हणालं बास आहे हं. चौथ्या सीटला अंग चोरून बसलेल्या एक मावशी गवार निवडत होत्या, त्यांनी मान वर न करता म्हटलं, "वरती फाटतोय गं आवाज. जरा कमी कर."

मी दोन घर कमी केला. एकदम साफ. ताशाची काडी न काडी वेगळी ऐकू यायला लागली, ट्रेनच्या खडखडाटात सुद्धा.

सकाळपासून त्या स्पीकरचा आवाज ऐकणारं हे पहिलं माणूस. बाकी आम्ही सगळ्यांनी त्याचे दिवे पाहिले, वॅट मोजले, चाकं फिरवली, इको फिरवला, भाव पाडला. मी तर डेसिबलवर भाषण दिलं. निवासी भागासाठी सरकारी मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५, हा २००० सालचा नियम मी दुकानदारालाही ऐकवला होता, आणि साधं बोलणंच ६० च्या आसपास जातं म्हणजे आमच्या काकू नुसत्या जेवायला या म्हणाल्या तरी गुन्हा होतो हेही. आणि मावशींनी गवारीच्या शिरा काढता काढता निकाल देऊन टाकला.

विचारलं तर म्हणाल्या, "मी कुठे काय, आमच्या भजनी मंडळात पेटी असते माझ्याकडे." ठाण्याला त्या उतरायला लागल्या तेव्हा गर्दीतून हात घालून मी त्यांचा नंबर घेतला. काकूंनी विचारलं, "तो कशाला आता? स्पीकर तर झाला घेऊन."

म्हटलं, फुकटचा माइक पुढच्या मंगळवारपर्यंत टिकत नाही काकू, दुसरा बघायला यांना घेऊन जाऊ.