शून्य पूर्णांक चार

माझा मेहुणा हडपसरला राहतो आणि पाऊस त्याच्या घरचा असल्यासारखा बोलतो. जूनमध्ये रात्री नऊला फोन येतो. "भाऊजी, आमच्याकडे नुसता कोसळतोय! तुमच्याकडे?" आमच्याकडे, म्हणजे सिंहगड रस्त्याला, तेव्हा स्कूटरची सीट ओली होईल एवढंच पडून गेलेलं असतं. "आहे की बऱ्यापैकी," मी म्हणतो. "बऱ्यापैकी म्हणजे किती?"

आता किती ते मी कुठून सांगू? पेपरात येतो तो शिवाजीनगरचा पाऊस. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, तिथल्या चौकाला आपण अजून सिमला ऑफिस म्हणतो, आणि त्या आवारात पडेल तो पुण्याचा पाऊस असं ठरून गेलंय. पण पाऊस काही हद्दी बघून पडत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, त्याच मुंबईत कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. शिवाय घाटापासून पूर्वेला सरकावं तसा पाऊस कमी होत जातो, हे आपण शाळेतच शिकलो, आणि हडपसर आमच्या पूर्वेला आहे. मेहुणा गेली अकरा वर्षं भूगोलाच्या विरोधात बोलतोय. त्याला गप्प करायला आकडे हवे होते, म्हणून मी घरगुती हवामान केंद्र मागवलं. किंमत इथे लिहीत नाही, बायको वाचते.

खोक्यातून पांढऱ्या ताटल्यांची एक चवड निघाली, तिच्यावर गरगरणाऱ्या तीन वाट्या, वाऱ्याची दिशा दाखवणारं शेपूट, एक काळं नरसाळं आणि घरात ठेवायचा पडदा. सोबत पुस्तिका. वारा मोजायचा तर जमिनीपासून दहा मीटरवर. तापमान सव्वा ते दोन मीटरवर, खाली शक्यतो हिरवळ. नरसाळ्यापासून जवळच्या भिंतीचं अंतर तिच्या उंचीच्या निदान दुप्पट. एवढी मोकळी जागा माझ्याकडे असती तर मी तिथे बंगला बांधला असता.

राहता राहिली गच्ची. गच्ची सोसायटीची, आणि सोसायटी सेक्रेटरींची. त्यांनी पुस्तिका उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "ठेवा. पण भोक पाडायचं नाही. वॉटरप्रूफिंगची गॅरंटी जाते." ही गॅरंटी गेल्या पावसाळ्यात माझ्याच बेडरूमच्या छतातून ठिबकत होती, पण परवानगी हवी होती, गिळून टाकलं. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा आणला, मधोमध जीआय पाइप उभा केला, भोवती काँक्रीट ओतलं. लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंतच. तिथून पुढचा जिना मी आणि वॉचमननं तो डबा पायरीपायरीनं चढवला. वर पोचल्यावर वॉचमननं पाइपकडे बघून विचारलं, "साहेब, यंदा झेंडावंदन इथं का?"

मग दिशा. यंत्रावर एक खूण असते, ती बरोबर उत्तरेला हवी. मोबाइलमधलं होकायंत्र त्या लोखंडी डब्याजवळ नेलं की भोवळ आल्यासारखं फिरायचं. तळमजल्यावरच्या काकांनी उत्तरेचा प्रश्नच निकालात काढला: "ईशान्येला बसवा, लाभतं." शेवटी बिल्डरच्या जुन्या ब्रोशरमधल्या नकाशावर उत्तर सापडली. त्याच्या ब्रोशरमधली खरी निघालेली ही एकच गोष्ट, आणि तीही मी उलटी वाचली. एप्रिलच्या संध्याकाळी आमच्याकडे पश्चिमेचा गार वारा सुटतो. माझा पडदा मात्र चार दिवस सांगत होता की वारा पूर्वेकडून येतोय. म्हणजे हडपसरहून. मेहुण्यानं यंत्र फितवलं असंच मला आधी वाटलं. पाचव्या दिवशी लेकीनं लक्षात आणून दिलं, "बाबा, सोलर पॅनल दक्षिणेला हवं. तू सगळंच उलटं बसवलंयस."

त्याच रात्री हवेचा दाब पाहिला: ९४८ हेक्टापास्कल. कोपऱ्यात विजेसकट काळा ढग लुकलुकत होता. समुद्रावर इतका दाब म्हणजे भयंकर चक्रीवादळाचा डोळा. खिडकीबाहेर पान हलत नव्हतं. डोळ्यात वारा पडलेला असतो हे वाचलं होतं, त्यामुळे ही शांतताही मला संशयास्पदच वाटली. बाल्कनीतल्या कुंड्या मी आत घेतल्या. अकरा वाजता पुस्तिकेचं सतरावं पान उघडलं: आधी आपल्या गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची भरा. दर आठ-नऊ मीटर वर गेलं की दाब एका हेक्टापास्कलनं उतरतो, आणि पुणं साडेपाचशे मीटरवर आहे. आकडा भरला, वादळ शमलं. कुंड्या सकाळी बाहेर ठेवल्या. बायकोनं काही विचारलं नाही, ते जास्त लागलं.

पण खरी कसोटी नरसाळ्याची. त्याच्या पोटात सी-सॉसारखी चिमुकली पळी असते. एका बाजूला ०.२ मिलिमीटर पावसाएवढं पाणी साठलं की ती टक् करून कलंडते आणि दुसरी बाजू वर येते. यंत्र पाऊस मोजतच नाही, ते टक् मोजतं. मी नरसाळ्याचा व्यास मोजला, सोळा सेंटीमीटर. म्हणजे दोनशे मिली पाणी ओतलं तर दहा मिलिमीटर, पन्नास टक्. पण भसकन ओतून चालत नाही, पळी गडबडते. थेंब थेंब पडायला हवं, तासभर. थेंब थेंब तासभर पाणी सोडणारं उपकरण घराघरात हजार वर्षं तयार आहे. मी देवघरातलं आईच्या वेळचं अभिषेकपात्र उचललं, कपडे वाळत घालायच्या तारेला टांगलं आणि खाली नरसाळं धरून टक् मोजत मांडी घालून बसलो.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कपडे काढायला वर आल्या. त्यांनी चपला दारातच काढल्या.

"सोमवार म्हणून का रे?"

"नाही काकू, पाऊस मोजतोय."

"पाऊस कुठाय?"

"तो हा. मीच पाडतोय."

काकूंनी तरीही नमस्कार केला. अठ्ठेचाळीस टक् झाले, ९.६ मिलिमीटर. उरलेले दोन टक् तांब्याच्या बुडाशी ओल धरून राहिले असणार. मी खूश होतो.

त्यानंतर गच्चीनं मला खरं हवामान दाखवायला सुरुवात केली. जरा वारा सुटला की पाइप हलायचा, पळी आपोआप कलंडायची आणि निरभ्र आकाशातून ३.४ मिलिमीटर पडायचा. म्हणून तीन बाजूंनी नायलॉनच्या दोऱ्या ताणल्या. दोरी दिसली की तिच्यावर कपडे पडतात. भर दुपारी आर्द्रता ९१ टक्के झाली तेव्हा वर जाऊन पाहिलं, तर ताटल्यांना चिकटून कुणाचा तरी ओला परकर. तापमान शिवाजीनगरच्या पुढे पाच अंश, कारण खालचा स्लॅब तव्यासारखा. एका सकाळी वीस मिनिटांत ३१ मिलिमीटर! वॉचमन मोटर लावून चहाला गेला होता आणि टाकी वाहत होती. अजून अर्धा तास तो चहा पीत बसता तर ६४.५ ची रेघ ओलांडून सरकारी व्याख्येनं मुसळधार झाला असता.

एव्हाना सोसायटीला वाटायला लागलं होतं की उद्याचं हवामान माझ्या हातात आहे. हे यंत्र आत्ता काय चाललंय ते सांगतं, पुढचं नाही, असं मी जिन्यात किमान सहा जणांना समजावलं. काकूंना समजावलं नाही, तिथे चुकलं. एप्रिलअखेरीस त्यांनी सकाळी सातला बेल वाजवली.

"चीक शिजवलाय. कुरडया घालू ना रे वर?"

पडद्यावर हसरा सूर्य होता. अभिषेकाच्या वेळचा तो नमस्कार माझ्या डोक्यात गेला असणार. "बिनधास्त घाला," मी म्हणालो. त्यांनी मला वाटीभर गरम चीकही दिला, वर साजूक तूप.

चारला आभाळ भरून आलं. सव्वाचारला वळीव असा काही कोसळला की पन्हाळीतून धबधबा सुटला. काकू, त्यांची सून, मी, सगळे वर धावलो, पण अर्ध्या कुरडया परत चीक झाल्या होत्या. मी तशातही पडदा बघायला खाली पळालो. इतक्या दिवसांत पहिला खराखुरा पाऊस!

०.४ मिलिमीटर.

पाऊस थांबल्यावर नरसाळ्यात डोकावलो. ते काठोकाठ भरलेलं, आणि तळाच्या जाळीवर कावळ्यानं दुपारी आणून दडवलेली एक कुरडई फुगून घट्ट बसलेली. बोटानं उकरली तशी खालून टक् टक् टक् सुरू झालं, पण निम्मा पाऊस केव्हाच बाहेर सांडला होता.

तेवढ्यात कोपऱ्यात काकूंचा चिकाचा स्टीलचा डबा दिसला, विसळून उघडा ठेवलेला. सरळ उभ्या भिंती, सपाट बूड. लेकीची पट्टी आणली, डब्यात उभी धरली. तेवीस मिलिमीटर. काकू ओल्या प्लास्टिकवरून कुरडया खरवडत होत्या. मी पट्टी धरून उकिडवा बसलेला त्यांनी पाहिला.

"डबा घासून आणून दे," एवढंच म्हणाल्या.

खिशात फोन वाजला.

"भाऊजी, काय कोसळला हो आमच्याकडे! तुमच्याकडे?"

"तेवीस मिलिमीटर," मी एक एक अक्षर सुटं करत म्हणालो.

पलीकडे क्षणभर शांतता. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"आमच्याकडे एक्केचाळीस."

"कशावर मोजलास?"

"अंगणात बादली होती. टेप लावली."

मी त्याला सांगितलं की बादली वर रुंद आणि खाली निमुळती असते, वरच्या मोठ्या तोंडातून आलेलं पाणी खाली अरुंद जागेत उंच चढतं, त्यामुळे तिच्यातली उंची पावसापेक्षा नेहमी जास्तच भरते, सरळ भिंतीचं भांडंच घ्यायला हवं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, ते असेल," तो म्हणाला, "पण पडला कितीतरी बादलीच्या बाहेरच."