चमचाभर ग्रीस

न्यू जर्सीत घर घेतलं तेव्हा एजंटबाईंनी मागचं अंगण दाखवून "ब्यूटिफुल लॉन" म्हटलं होतं, ते ब्यूटिफुल गवत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ दर शनिवारी आपणच कापायचं असतं हे मात्र सगळ्या सह्या झाल्यावर कळलं. माझा मोवर, म्हणजे गवत कापायचं मशीन, सेल्फ-प्रोपेल्ड. दांड्याची पट्टी दाबली की मागची दोन चाकं आपली आपण फिरतात आणि आपण गणपतीच्या गाड्यामागे चालल्यासारखं नुसतं मागून चालायचं. मे महिन्यात त्याचं उजवं चाक करकरायला लागलं. साधंसुधं नाही, गिरणीत दळणात खडा गेल्यावर येतो तो आवाज.

इंजिनच्या स्पार्क प्लगची वायर काढली (हे आधी, बोटं दहाच असतात), नट सोडला, चाक बाहेर. आत चाकाच्या कडेने गोल प्लास्टिकचे दाते, त्यांना फिरवणारं एक पिटुकलं गिअर, त्याला पिनियन म्हणतात, आणि दोघांच्या मधे दोन वर्षांचं गवत जुन्या ग्रीसमधे मळून असं बसलेलं की थेट कोथिंबीर वडीचा उंडा, फक्त वाफवायचा बाकी. खरवडलं, जुन्या टूथब्रशने घासलं, हिला म्हटलं आता जरा ग्रीस लावतो, पाच मिनिटांचं काम आहे.

तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

बाबा सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेले, ते पण बरोबर निघाले. दुकानात ग्रीसची अख्खी भिंत. लाल, निळं, हिरवं, काळं, पांढरं. मला वाटलं रंगाला काहीतरी अर्थ असणार, सिग्नलसारखा, तर तसं काही नाही, बहुतेक ठिकाणी तो नुसता टाकलेला रंग असतो, त्यावरून गुण कळत नाहीत. मग मरीन, हाय टेम्परेचर, मॉलीवालं (मॉलिब्डेनमची काळी पूड घातलेलं), आणि एकावर जीसी-एलबी, म्हणजे कारच्या व्हील बेअरिंगलाही चालेल आणि चॅसिसलाही, म्हणजे खालच्या सांगाड्यालाही. माझा मोवर माणसाच्या चालीने चालतो हो. फिरायला निघालेल्या काकांना पीटी उषाचे स्पाइक्स घालायचे झाले.

बहुतेक डब्यांवर 'एनएलजीआय 2'. तिथेच ट्रॉलीला टेकून वाचलं तर हा घट्टपणाचा नंबर, 000 पासून 6 पर्यंत नऊ पायऱ्या. 25 अंशाला ग्रीस 60 वेळा घोटायचं, वरून एक शंकू सोडायचा, पाच सेकंदांत साडेसव्वीस ते साडेएकोणतीस मिलिमीटर रुतला की ते दोन नंबर. श्रीखंडाची परीक्षा आमच्याकडे यापेक्षा कमी कटकटीत होते आणि उरलेलं खाताही येतं. शिवाय जुनं आणि नवं ग्रीस जुळायला लागतं, लिथियमवालं आणि पॉलियुरियावालं (ग्रीस घट्ट कशाने केलंय त्यावरून ही नावं) बऱ्याचदा एक नाड निघतात, एकत्र आले की पातळ होऊन वाहून जातात. जुनं कुठल्या गोत्राचं होतं ते मला काय माहीत, मी तर उंडा कचऱ्यात टाकून आलेलो.

तिथल्या पोराला विचारलं, तो म्हणाला मी पेंटचा. शेजारी उभे असलेले एक आजोबा म्हणाले, उघड्या गिअरला ग्रीस लावूच नको, त्याला माती चिकटते आणि मग ती पॉलिशपेपरसारखी दाते खाते. हे पटलं. तेवढ्यात दुसरे एक म्हणाले, भरपूर लाव, प्लास्टिक असलं तरी कोरडं ठेवू नको. हेही पटलं. माझं हे असंच होतं.

"एवढी वंगणं?" बाबा म्हणाले. "आपल्या बैलगाडीला एकच असायचं. एरंडेल आन् जळक्या चिंध्यांची राख, बांबूच्या नळ्यात भरून गाडीलाच टांगलेलं."

मी त्यांना लिथियम म्हणजे किती पुढचं शास्त्र हे समजावायला निघालो आणि फोनवर पुढचं वाचलं. ग्रीस म्हणजे तेल, आणि त्या तेलाला धरून ठेवणारा साबण, खराखुरा साबण. लिथियमवाल्या ग्रीसचं पेटंट 1942 मधलं, क्लॅरेन्स अर्लचं, आणि आजचा त्यातला साबण बनतो 12-हायड्रॉक्सीस्टिअरिक ॲसिडपासून, जे काढतात एरंडेलापासून. एरंडी सगळ्यात जास्त पिकते आपल्या शेजारी गुजरातेत. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग?"

साधं दोन नंबरचं लिथियम घेतलं. ते फक्त कार्ट्रिजमधे, म्हणजे नळकांड्यात, 14 औंस, म्हणजे 397 ग्रॅम, मला पाहिजे चमचाभर. आणि कार्ट्रिजला ग्रीस गन, म्हणजे ते दाबून बाहेर काढणारी पिचकारी, लागते हे घरी आल्यावर कळलं. मग झाकण उचकटलं आणि हाताला आला तो चमचा घेतला.

आता लावतोच आहे तर डावं चाकही उघडलं. दोन्ही पिनियन काढले, पुसले, आतपर्यंत ठासून ग्रीस भरलं, सगळं बसवलं. मोवर सुरू केला, पट्टी दाबली. इंजिन धडधडतंय, मोवर जागचा हलत नाही. बाबांनी एका हाताने ढकलून बघितला आणि म्हणाले, "वंगण झकास लागलंय, बघ कसं हलकं फिरतंय."

झालं असं होतं की डावा पिनियन उजवीकडे आणि उजवा डावीकडे गेलेला. प्रत्येक पिनियनच्या आत एक इवलीशी चावी, म्हणजे धातूची खुंटी असते, ती एकाच दिशेने पकडते, सायकलच्या फ्रीव्हीलसारखी, त्यामुळे बाजू बदलली की नुसतीच घसरते. त्यात मी त्या चावीभोवती घट्ट ग्रीस कोंबलेलं, म्हणजे सरळ बसवली असती तरी ती आत चिकटूनच बसली असती. परत सगळं उघडा, ते ग्रीस काढा, तिथे थेंबभर पातळ तेल, आणि दात्यांवर ग्रीसचा नुसता हात फिरवल्याइतका थर (दोन्ही सल्लागारांना अर्धं अर्धं मार्क). संध्याकाळी सात वाजता मोवर चालला. गप्प चालला. बाबा पायरीवर बसून बघत होते, मी कापलेलं गवत पिशव्यांत भरायला लागल्यावर म्हणाले, "हे कोणाला घालतोस?" मी म्हटलं, "टाकून देतो." ते जेवेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

उरलेलं ग्रीस सध्या बाबांच्या ताब्यात आहे. घरातल्या एकूण एक बिजागऱ्या झाल्या, परवा शेजाऱ्याच्या फाटकाची पण झाली, त्याला न विचारता. काल हिने विचारलं, पोह्यांचे सहा चमचे होते, पाचच कसे दिसतायत, तर आम्ही दोघंही एकदम खिडकीतून गवत किती वाढलंय ते बघायला लागलो.