संडासाचं दार

दोन रुपयांचं एक नाणं शुक्रवारपासून माझ्या शर्टाच्या खिशात आहे. ते खर्चही करवत नाही आणि टाकूनही देववत नाही.

लेकीच्या पहिलीच्या वर्गात 'चला विमानात बसू' असा उपक्रम होता. पालकांनीही यावं, अशी चिठ्ठी आली. मी एकदा बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बेंगळुरूला विमानाने गेलोय, त्यामुळे मला वैमानिक करतील असं मी गृहीतच धरलं. रात्री बसून तयारी केली. सांबऱ्याची धावपट्टी 1942 साली इंग्रजांच्या हवाईदलाने बांधली, तिच्या टोकांवर 08 आणि 26 असे आकडे आहेत, ते म्हणजे होकायंत्रावरचे साधारण 80 आणि 260 अंश, शेवटचं शून्य काढून टाकलेले. मुलांना हे असं सांगायचं, तसं सांगायचं.

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही उंच आहात. मागं उभं राहा. संडासाचं दार व्हा."

वैमानिक झाला संस्थेच्या एका संचालकांचा नातू. याबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्याने पूर्ण वेळ नाकात बोट घालून विमान चालवलं, एवढंच सांगतो.

तर चोवीस खुर्च्या, मधे वाट, शेवटी मी. एक हात आडवा धरला की 'आत कुणीतरी आहे', खाली सोडला की 'रिकामं'. नारिंगी डबा आणणाऱ्या पोराला ब्लॅक बॉक्स केलं होतं. खरा ब्लॅक बॉक्सही नारिंगीच असतो, पडलेल्या विमानात पटकन दिसावा म्हणून. "मग ब्लॅक का म्हंत्यात?" असं त्याने विचारल्यावर बाईंनी त्याला डब्यासकट माझ्या पायाशी बसवलं.

बोर्डिंग पासवर बाईंनी आपल्या विमानतळाचा खराखुरा संकेत लिहिला होता, आयएक्सजी. एका चुणचुणीत पोरीने विचारलं, "ह्यात बेळगावातला ब कुठाय?" बाई गप्प. बेळगाव म्हणा, बेळगावी म्हणा, 2014 साली सरकारी कागदावर नाव बदललं, त्यावरून केवढं रामायण झालं, आणि विमानवाल्यांनी यातला साधा ब सुद्धा घेतलेला नाही. ह्या गावात दोन्ही बाजूंना सारखंच वगळणारा एवढा एकच कागद मी पाहिला.

तेवढ्यात एका पोराचे आजोबा आले. नातू जेवणाचा डबा विसरला म्हणून आलेले. सांबऱ्याचे, रिटायर कंडक्टर. दारातनं चोवीस खुर्च्या बघितल्या आणि त्यांच्यातला कंडक्टर जागा झाला.

"मुंद होग्री, मुंद होग्री! पुढं सरका! दारात गर्दी नको!" पोरं सरकली. बाईंना काय बोलावं कळेना, कारण शिस्त खरोखरच लागली होती.

मग नातवाला उचलून आजोबा त्याच्याच खुर्चीत बसले. "मांडीवर घेतो की. एकच तिकीट."

मला राहवलं नाही. "आजोबा, विमानात दोन वर्षांच्या आतलंच मूल मांडीवर चालतं."

"दारांनी बोलायचं नाही," बाई म्हणाल्या. माझी लेक हवाईसुंदरी होती. तिने तोंडावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं.

आता घोषणा. आधी कन्नड, मग इंग्रजी. मराठीची पाळी आली तोवर वैमानिकाने विमान उडवून टाकलं. मराठी वर्ग, मराठी पोरं, मराठी बाई. "तपासणीला कुणी आलं तर?" त्या हळूच म्हणाल्या. मला हसू आलं नाही. दुकानाच्या पाटीपासून बसच्या पाटीपर्यंत हेच ऐकत मोठे झालो आपण. आता खोट्या विमानातही आपली भाषा वेळ उरला तर.

"रैट, रैट!" आजोबांनी बाक बडवला. पट्टे कसे बांधायचे ते लेक दाखवत होती. आजोबांनी विचारलं, "मधे उतरायचं झालं तर दोरी कुठाय?" दोरी नसते. "मग उभ्यानं किती घेता?" उभ्याने एकही नाही. यावर आजोबा खरोखर हळहळले. "म्हंजे जत्रंला काय कामाचं न्हाई."

मग ते उठले आणि थेट माझ्याकडे आले. माझा हात आडवा होता. त्यांनी माझ्या छातीवर टकटक केलं. मी थोडा वेळ थांबून हात खाली केला. काय करणार, अभिनय म्हणजे अभिनय. तर म्हातारा माझ्या काखेखालून पलीकडे गेला, भिंतीकडे तोंड करून अर्धा मिनिट उभा राहिला, परत आला आणि माझ्या खिशात नाणं टाकलं. चोवीस पोरं हसली. ब्लॅक बॉक्स सगळ्यात जोरात हसला.

तेवढ्यात खरं विमान डोक्यावरून गेलं. सगळी पोरं पटांगणात पळाली, बाई त्यांच्यामागे, मागनं वैमानिक. वर्गात मी आणि आजोबा. त्यांनी मान वर केली नाही.

"रोज आमच्या कौलांवरनं जातंय," ते म्हणाले. "तुम्ही बसलाय म्हनं एकदा. वरनं घर दिसतंय का हो?"

मी खिडकीशी नव्हे, मधल्या वाटेच्या बाजूला बसलो होतो. आजूबाजूच्या माणसांचे कान तेवढे दिसले होते. "दिसतं की," म्हटलं.

ते गेल्यावर नाणं काढून बघितलं. स्टँडवर सुद्धा आता पाच घेतात.