‘ब्रेक अ लेग’चा लिंकनच्या खुन्याशी काय संबंध?

नाट्यस्पर्धा जवळ आल्या की हौशी नाटकवाल्यांच्या फोनवर हा मजकूर हमखास फिरतो: “इंग्रजी नट प्रयोगाआधी ‘ब्रेक अ लेग’, म्हणजे ‘पाय मोडो’ म्हणतात. कारण लिंकनला मारणाऱ्या जॉन विल्क्स बूथ या नटाचा रंगमंचावर उडी मारताना पाय मोडला आणि तो अजरामर झाला. प्राचीन ग्रीक प्रेक्षकही दाद देताना पाय मोडेपर्यंत जमिनीवर आपटत. म्हणून कुणालाही ‘गुड लक’ म्हणू नका, हे म्हणा!”

वाचायला चटकदार आहे, म्हणूनच पुढे जातं. पण ते खरं नाही.

आधी बूथ. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये लिंकनवर गोळी झाडून बूथने बॉक्समधून, म्हणजे प्रेक्षकांच्या खास कक्षातून, रंगमंचावर उडी मारली. उडीत पाय मोडल्याचं त्याने स्वतःच्या डायरीत लिहिलंय. काही अभ्यासकांच्या मते तो पुढे घोड्यावरून पडून मोडला. कसाही मोडो, बारा दिवसांत बूथ मारला गेला. थिएटरचे मालक जॉन फोर्ड यांना महिनाभराहून अधिक तुरुंगवास घडला. बूथचा थोरला भाऊ एडविन, त्या काळचा नामांकित नट, शरमेने रंगमंचापासून दूर राहिला तो १८६६ च्या जानेवारीपर्यंत. ज्या घटनेने सगळी नाटकमंडळी संशयाच्या छायेत आली, तिची आठवण ते एकमेकांना शुभेच्छा म्हणून देतील? मला हे पटतच नाही. शिवाय शुभेच्छा म्हणून हा वाक्प्रयोग छापील इंग्रजीत दिसतो तो विसाव्या शतकात. मधली पन्नासेक वर्षं नाटकवाले गप्प बसले होते की काय?

ग्रीकांचं तर सोडूनच द्या. विसाव्या शतकातल्या इंग्रजी बोलीचं मूळ दोन हजार वर्षं मागे न्यायचं, तर मधला एक तरी दुवा दाखवायला हवा.

१९२१ मध्ये रॉबर्ट लिंड या आयरिश निबंधकाराने अंधश्रद्धांवर लिहिताना ‘तुझा पाय मोडो’ची नोंद केली, तीही घोड्यांच्या शर्यतीच्या संदर्भात. शर्यतीला निघालेल्याला सरळ शुभेच्छा देणं अशुभ, म्हणून उलटं बोलायचं. जर्मनीत पहिल्या महायुद्धातले वैमानिक एकमेकांना ‘हाल्स उंड बाइनब्रुख’ म्हणत, म्हणजे मान आणि पाय मोडो. इंग्रजी वाक्प्रयोग तिथूनच आला, असं मानण्याकडे अनेकांचा कल आहे. मलाही तेच जास्त संभवनीय वाटतं.

आणि यात आपल्याला अनोळखी काय आहे? मुलं जगत नसत त्या घरांत नवसाच्या पोराचं नाव दगडू, धोंडू ठेवत. नावच इतकं साधं की वाईट नजर त्याच्याकडे वळू नये. गोऱ्या गालावर काळी तीट लावायची तीही याच भीतीने. चांगलं उघडपणे बोललं की दृष्ट लागते, ही भीती समजायला कुठल्याही खुन्याची गोष्ट लागत नाही.

राहिला मजकुरातला सल्ला. तो सर्वांत चुकीचा, कारण तो ऐकून माणसं तोंडघशी पडू शकतात. ‘ब्रेक अ लेग’ ही मुळात रंगमंचावर जाणाऱ्यांची बोली. बॅले नर्तक तर ते टाळतात. पाय मोडण्याची त्यांची भीती खरीखुरी असते, म्हणून ते ‘मेर्द’ (शब्दशः ‘विष्ठा’) हा फ्रेंच शब्द वापरतात. परीक्षेला, मुलाखतीला निघालेल्याला इंग्रजी बोलणारे बिनदिक्कत ‘गुड लक’ म्हणतात. उद्या गुडघ्याचं ऑपरेशन असलेल्या शेजाऱ्यालाही तेच म्हणा.