झेरॉक्सवाला पोऱ्या आणि सहीची वही

मी जर्मनीत असतो, पण दर पंधरा दिवसांनी जळगाव-धुळ्याकडून तोच वाद फोनवर येऊन आदळतो. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत विद्यावेतनावर कचेऱ्यांत शिकायला ठेवलेली पोरं म्हणतात, कायम करा. त्यावर मामालोकांचं ठरलेलं उत्तर: झेरॉक्स काढायचे पैसे मिळाले ना, वर नोकरी कशाची? 2024 मध्ये योजना आली तेव्हा बारावीवाल्याला महिना 6,000, आयटीआय-डिप्लोम्याला 8,000, पदवीधराला 10,000 आणि मुदत सहा महिने. पुढे पाच महिने वाढले. हे आकडे दोन्ही बाजूंना तोंडपाठ. त्या अकरा महिन्यांत पोराला शेजारी बसवून कुणी काय शिकवलं, हे मात्र कुणी विचारत नाही. माझं डोकं तिथं फिरतं.

आणि झेरॉक्स एवढी हलकी कधीपासून झाली? इथं मोठ्या कंपनीत ऑफिसची आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत शिकायचं प्रशिक्षण, तीन वर्षांची, आणि बऱ्याच ठिकाणी तिची सुरुवात टपालाच्या टेबलावरच होते. पाकिटावर आधी माणसाचं नाव आणि खाली कंपनीचं असेल, तर ते फोडायचं नाही. ते त्या माणसाचं. आधी कंपनी, मग नाव, तर फोडायचं. आत ‘सोबत जोडले आहे’ लिहिलंय ती कागदं खरंच आहेत का ते मोजायचं, नसतील तर तिथंच तशी नोंद करायची आणि मग आवक तारखेचा शिक्का मारायचा. शिक्का राहिला आणि मुदतीवरून भांडण झालं, की पत्र नक्की कधी आलं हे सांगायला कुणाकडे काही नसतं. आपल्या आवक-जावक रजिस्टरचं तत्त्व याहून वेगळं नाही. फरक एवढाच, की इथं ‘का’ ते सांगतात.

पुढची पायरी खरेदीची. मागणी, ऑर्डर, माल पोचल्याची नोंद, मग बिल. ऑर्डर, पोच आणि बिल ही तिन्ही समोर ठेवून जुळवायची. शंभर खोके मागवले, ब्याण्णव आले, बिल शंभरचं, तर सिस्टीम बिल अडवते. नवशिका इथं हमखास चुकतो: माल मोजायचा सोडून पुरवठादाराच्या चलनावरचाच आकडा चढवतो. तिन्ही कागद जुळतात, आठ खोके कुठं गेले ते वर्षअखेरीच्या मोजणीत कळतं. दुसरी चूक उशिराची. दहा दिवसांत पैसे दिले तर दोन टक्के सूट, अशी अट बिलावर बऱ्याचदा असते. अडलेलं बिल बाराव्या दिवशी सुटलं, तर 10,000 युरोमागे 200 गेले. हे 200 युरो पोराला दाखवले की तो टेबलावर बिल झोपू देत नाही.

आता वही. बेरिख्ट्सहेफ्टमध्ये, म्हणजे प्रशिक्षणाच्या नोंदवहीत, काय केलं, काय शिकलो ते नेमानं लिहायचं, प्रशिक्षकानं सही करायची. वही नसेल तर आयएचके, म्हणजे इथलं उद्योग-व्यापार मंडळ, परीक्षेला बसू देत नाही. ‘फायलिंग केलं’ लिहून भागत नाही. कुठली कागदं, कशाच्या क्रमानं, कुठल्या प्रोग्रॅममध्ये, तेही हवं. परीक्षा दोन टप्प्यांत. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर दोन तास कॉम्प्युटरवर, त्याला 25 टक्के. उरलेले 75 शेवटी, त्यातले 35 फक्त आपण निवडलेल्या विषयातल्या कामावर तोंडी. पाठांतर तिथं तीन मिनिटांत उघडं पडतं. प्रशिक्षणाच्या हेतूशी संबंध नसलेलं काम प्रशिक्षणार्थ्याला द्यायचं नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे.

आता कुणी म्हणेल, आला मोठा युरोपवाला. म्हणा. 1961 च्या आपल्या अप्रेंटिस कायद्यातही प्रशिक्षणार्थ्याच्या प्रगतीची नोंद मालकानं ठेवावी असं कलम आहे. ही योजना त्या कायद्याखालची नाही, ठाऊक आहे. पण नोंद ठेवायला कायदाच कशाला लागतो? आणि शिकवण्यासारखं आपल्याकडे काय कमी आहे? तहसील, पंचायत समितीत सहा गठ्ठा पद्धत आहे, म्हणजे कागदं त्यांच्या स्थितीप्रमाणे सहा गठ्ठ्यांत लावायची. प्रतीक्षाधीन गठ्ठ्यातली फाइल ठरल्या तारखेला पुन्हा टेबलावर आली पाहिजे. इथं त्यालाच ‘वीडरफोरलागं’ म्हणून कौतुकानं शिकवतात. अमळनेर, चोपडा, साक्री, कुठल्याही कचेरीतल्या अव्वल कारकुनाला कार्यविवरण पंजी, म्हणजे टेबलावर आलेल्या कागदांची नोंदवही, भरता येते. त्यानं रोज अर्धा तास दिला असता, तर पोराकडे अकरा महिन्यांनी दाखवायला काही तरी असतं. भुसावळच्या रेल्वेवाल्या घरांना हे वेगळं सांगायला नको. तिथं फिटर अप्रेंटिस म्हटलं की कुठल्या शॉपला, कुणाच्या हाताखाली, हा पहिला प्रश्न असतो. लोखंडाला हा मान आहे, कागदाला का नाही?

पैशाचंही सांगतो, कारण त्यावरूनच टोमणे येतात. 2025 मध्ये करार सुरू झाला असेल तर इथं पहिल्या वर्षाला किमान 682 युरो. रुपयांत गुणलं की मामालोकांचे डोळे मोठे होतात. म्युनिकमध्ये एका खोलीच्या भाड्यात ते संपतात, हे मी गुणाकाराखाली लिहीत नाही. मोठ्या कंपन्या याहून बऱ्याच जास्त देतात, तेही लिहीत नाही, कारण माझा मुद्दा पैशाचा नाही असं मला दाखवायचं असतं.

आणखीही बरंच मी गाळतो. इथं दर चारांतला एकाहून अधिक करार मुदतीआधी मोडतो. वही पुष्कळ जण परीक्षेच्या आदल्या महिन्यात एका बैठकीत भरतात, आणि प्रशिक्षक न वाचता सह्या ठोकतो. एका विभागातून दुसऱ्यात पाठवायचा तक्ता सुट्ट्यांत आला की पोरगं आठ आठवडे तळघरातल्या जुन्या फायलींत. ते वादात मांडलं तर माझी बाजू लंगडी पडते. शिवाय इथल्या आउसबिल्डुंगबद्दल माझं मत इथं कुणालाच नको असतं. साक्रीच्या कचेरीबद्दल मात्र मी न मागता देतो, आणि तिकडचे लोक ते वाचून निदान चिडतात तरी.

‘काय करी ऱ्हायना रे भो?’ असं विचारत खांद्यावर हात ठेवणारा हेडक्लार्क या शिस्तीत कुठल्याच रकान्यात बसत नाही. तो शिकवायचाही, पण त्याचा मूड असेल तेव्हा, आणि आपल्या माणसाच्या पोराला आधी. त्याची बाजू मला घेता येत नाही, आणि इथल्या ठरलेल्या साडेनऊच्या फीडबॅक मीटिंगमध्ये आठवण येते ती नेमकी त्याचीच.

परवा मामांनी लिहिलं, ‘एवढं येतं तर ये की इकडे, तूच शिकव.’ त्यावर मी पुन्हा सहा गठ्ठ्यांचाच परिच्छेद पाठवला.