मोठी गाडी दिसली की ढकला तिच्यावर? एका ट्रकमालकाला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना निम्मी पटली. म्हणून खाली दोन ओळी खरडण्याऐवजी सविस्तर लिहितोय.

ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: साखळी अपघातात माणूस गेला तर भरपाई कोणाच्या डोक्यावर, यावर मी मागे लिहिलं होतं. त्यावर तीन ट्रक बाळगणाऱ्या या गृहस्थांचं म्हणणं असं, की कायदा गाडीचा आकार बघून दोष ठरवतो. 'मागून धडकला तो दोषी' हा सरळ नियम सोडून मी लोकांना वकिलांच्या नादी लावतोय. ब्रेक फेल होणं हा यंत्राचा दोष, त्यात मालकाचा काय संबंध? आणि तीन वर्षांपूर्वी विकलेल्या ट्रकच्या अपघाताची नोटीस आजही त्यांच्याच दारात येते, हा कुठला न्याय? शेवटी विचारलंय, 'कधी स्टिअरिंग हातात धरलंय का?'

ट्रकचं नाही धरलं. पण अकरा वर्षं विमा कंपन्यांसाठी अपघाताच्या गाड्या तपासत हिंडलो. पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात, गवतात उभ्या केलेल्या चेपलेल्या गाड्यांखाली टॉर्च घेऊन झोपलोय. तेव्हा मी कंपनीच्या बाजूचा माणूस होतो, दावा कसा कमी होईल हे बघणं माझं काम होतं. हेही सांगून टाकतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल.

आता तुमचा सरळ नियम. तो नियम नाही, सुरुवात आहे. पुढच्या गाडीपासून पुरेसं अंतर ठेवा, असं १९८९ च्या रस्तेनियमांत २३ व्या कलमात होतं, आणि लगेच पुढच्याच, २४ व्या कलमात होतं, की सुरक्षेसाठी गरज नसताना अचानक ब्रेक मारू नका. पहिलं सगळ्यांना पाठ आहे, दुसरं कोणाला आठवत नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन प्रकरणं निकाली काढली. एकात ट्रकने एकदम ब्रेक मारला आणि मागची कार त्याच्यावर गेली. कारने जेमतेम दहा-पंधरा फूट अंतर ठेवलं होतं. न्यायालयाने दोष कारचालकाला दिला, ट्रकला नाही. दुसऱ्यात रात्री भर रस्त्यात, दिवे न लावता उभ्या केलेल्या गॅस टँकरवर मागून गाडी आदळली. उच्च न्यायालयाने निम्मा दोष मागच्या गाडीवर टाकला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने काढला आणि सगळी जबाबदारी टँकरवर ठेवली. दोन्हीकडे मोठी गाडी पुढे, छोटी मागे. निकाल मात्र उलटे. आकार बघून ठरवलं असतं तर असं झालं नसतं.

जुलै २०२५ चा निकाल तर तुम्ही आवर्जून वाचावा असा आहे. कोइम्बतूरजवळ हायवेवर एक कार मधेच थांबली, कारण गाडीतल्या गरोदर बायकोला मळमळायला लागलं. मागचा मोटारसायकलवाला विद्यार्थी कारवर आदळून पडला आणि मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली. पाय कापावा लागला. न्यायालयाने कारवर ५० टक्के, बसवर ३० टक्के आणि त्या मुलावर २० टक्के जबाबदारी ठेवली. सगळ्यात अवजड गाडी बस, तिच्या वाट्याला तीसच टक्के. अडचण खरी होती, पण इशारा न देता हायवेवर थांबायचं नसतं, एवढंच न्यायालयाचं म्हणणं.

साखळी अपघात म्हणजे एक अपघात नसतो, हे या प्रकरणात नीट दिसतं. पाच गाड्या असतील तर चार-पाच धडका असतात, प्रत्येकीचा वेग वेगळा, दोष वेगळा. आणि जीव घेणारी धडक बहुतेक वेळा पहिली नसते. पहिल्या धडकेत माणूस हादरतो, दार उघडून खाली उतरतो, फोन काढतो, आणि तिसरी गाडी येते.

या धडका वेगळ्या काढायच्या कशा? गाड्याच सांगतात. मधल्या कारचं फक्त मागचं अंग चेपलं असेल आणि पुढे नुसता ओरखडा असेल, तर ती थांबलेली होती, तिला ढकललं. पुढचा चेपा बंपरच्या वर, बॉनेटच्या रेषेत असेल तर ती स्वतः ब्रेक मारत गेली, कारण ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली झुकतं. फुटलेल्या टेललाइटच्या बल्बमधली तार ताणून लांबली असेल तर धडकेच्या क्षणी दिवा पेटलेला होता. थंड तार तशी लांबत नाही, तटकन तुटते. पंचनाम्यात यातलं काही येत नाही. तिथे 'वाहनाचे पुढील व मागील बाजूस नुकसान' एवढंच असतं, आणि तोवर क्रेनने गाड्या एकमेकींवर रचून नवे चेपे पाडलेले असतात.

म्हणून तुमचा प्रश्न, 'माझ्या ट्रकने एकच धडक दिली तर बाकीच्यांचं मी का भरू?', रास्त आहे. पण तो तुम्ही चुकीच्या माणसाला विचारताय.

अपघातभरपाईचे दावे चालतात त्या न्यायाधिकरणाच्या बाहेरच्या बाकावर भेटलेली एक बाई आठवते. नवरा पाच गाड्यांतल्या तिसरीत होता. आत चार विमा कंपन्यांचे चार वकील, आणि चौघांचीही बोटं शेजाऱ्याकडे. पहिला म्हणतो मारलं दुसऱ्याने, दुसरा म्हणतो तो आधीच गेला होता. माझा अहवाल त्यातल्याच एका वकिलाच्या फाइलमध्ये होता. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, "ते कोणाच्या धडकेत गेले हे मी कसं सांगू? मी तर घरी होते."

कायद्याचं उत्तर असं, की तिने सांगायचंच नाही. दोन किंवा जास्त जणांच्या निष्काळजीपणातून तिसऱ्याचा जीव गेला, आणि त्या तिसऱ्याची चूक नसली, तर घरचे पूर्ण भरपाई त्यांच्यापैकी कोणाही एकाकडून मागू शकतात. २०१५ मध्ये बस आणि ट्रेलरच्या धडकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा लख्ख करून सांगितलं. कोणाचा वाटा किती, हा दोषींचा आपापसातला हिशेब. ज्याने जास्त भरलं त्याने दुसऱ्याकडून वसूल करावं. मात्र मेलेला स्वतःच गाडी चालवत होता आणि अंतर न ठेवता पुढच्यावर गेला असेल, तर त्याच्या वाट्याइतकी रक्कम कापली जाते, त्या विद्यार्थ्याची २० टक्के गेली तशी. मागच्या सीटवरच्या प्रवाशाचं काही कापत नाहीत. माझ्या लेखात हा फरक मी एका ओळीत उरकला होता आणि त्यावरून तुमचा गैरसमज झाला असेल, तर ती चूक माझी.

तुमच्या फायद्याची गोष्ट पुढे आहे. साखळीतल्या सगळ्या गाड्यांचे मालक आणि विमा कंपन्या एकाच दाव्यात पक्षकार असतील, तर न्यायाधिकरण तिथेच टक्के ठरवून देतं आणि जास्त भरणाऱ्याला वसुली सोपी जाते. एखादी गाडी बाहेर राहिली तर तिच्यासाठी पुन्हा वेगळा दावा. म्हणजे 'सगळ्यांना पार्टी करा' हा माझा सल्ला, ज्याला तुम्ही वकिलांची दलाली म्हणालात, तो ट्रकमालकाच्याही सोयीचा आहे. तुमचा वकील हे करत नसेल तर त्याला विचारा.

आता ब्रेक फेल. इथे मी एक पाऊलही मागे घेणार नाही.

घाटाच्या पायथ्याशी सहा गाड्यांना घेऊन गेलेला एक दहाचाकी ट्रक मी तपासला होता. मालक भला माणूस, हात जोडून उभा. म्हणाला, ब्रेकच्या हवेचा पाइप फुटला, ब्रेक गेला, पोराचा काय दोष? पाइप फुटला होता, खरं. पण तुटलेली कड कोरी, चकचकीत. म्हणजे तो धडकेत तुटला होता. मागच्या ॲक्सलचे ब्रेक ड्रम निळसर पडले होते, त्यांना आतून घासून चाक थांबवणारे लायनर काचेसारखे गुळगुळीत. डोंगर उतरताना वरच्या गिअरमध्ये गाडी सोडायची आणि पायाने ब्रेक दाबत राहायचं, की ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात. हवा भरपूर असते, पेडल दाबलं जातं, गाडी थांबत नाही. चालक म्हणतो 'ब्रेक लागला नाही', आणि तो खोटं बोलत नसतो. मालकाने सर्व्हिसिंगचं बिल दाखवलं. त्यावर ग्रीसिंग आणि ऑइल होतं. लायनरचा उल्लेख नव्हता.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलावर एका मालवाहू गाडीने गाड्यांची रांगच्या रांग उडवली, तेव्हाही पहिली बातमी ब्रेक फेलची होती. मग तपासात पोलिसांनी सांगितलं, की चालकाने डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केलं होतं. इंजिन बंद म्हणजे ब्रेकची हवा भरणारा कंप्रेसर बंद, टाकीत आहे तेवढीच हवा, आणि इंजिनाचा गाडीला रोखणारा जोरही गेला. डिझेल वाचवायची ही शिकवण चालकाला कोण देतं? ट्रिपमागे डिझेल बांधून कोण देतं? तुम्हाला माहीत आहे. मीही एवढी वर्षं ऐकतच आलो.

कायदा इथे १९७७ पासून स्पष्ट आहे. अचानक यांत्रिक बिघाड झाला म्हणणाऱ्या मालकाने सिद्ध करायचं, की दोष लपलेला होता आणि रीतसर काळजी घेऊनही सापडला नसता. ओझं त्याच्यावर, मेलेल्याच्या बायकोवर नाही. झिजलेला लायनर हा लपलेला दोष होत नाही. चाक काढलं की दिसतो.

विकलेल्या ट्रकच्या बाबतीत मला तुमच्याबद्दल खरंच वाईट वाटतं. पण त्यावरही सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितलंय: आरसी बुकावर ज्याचं नाव तो मालक, मधे गाडी चार हात फिरली असली तरी. पीडिताने खरेदीदारांची साखळी शोधत बसायचं नाही. तुम्ही सह्या केलेले कोरे फॉर्म दलालाकडे ठेवले आणि ट्रान्सफर झाली की नाही हे पाहिलं नाही, बरोबर? निम्मे गाडीवाले हेच करतात. तुमच्याकडे सौदापावती असेल तर घेणाऱ्याकडून वसुलीसाठी ती उपयोगी पडेल. दाव्यातून मात्र ती तुम्हाला सोडवणार नाही.

माझ्या लेखातलं एक वाक्य मी मागे घेतो. 'मालकाला आत टाकल्याशिवाय हे थांबणार नाही' असं रागात लिहून गेलो होतो. भरपाई आणि फौजदारी ही दोन वेगळी खाती आहेत. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची शिक्षा जुन्या दंडसंहितेत दोन वर्षांपर्यंत होती, भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात ती पाच वर्षांपर्यंत गेली. ती ज्याच्या कृतीने मृत्यू झाला त्याला, म्हणजे बहुतेक वेळा चालकाला. चालकाच्या चुकीपायी मालक भरपाईला बांधील असतो, तुरुंगाला आपोआप नाही. पळून जाणाऱ्याला दहा वर्षांची जी तरतूद होती, जिच्यावरून जानेवारी २०२४ मध्ये तुमच्या लोकांनी चक्का जाम केला, ती १ जुलै २०२४ ला बाकीचा कायदा लागू झाला तेव्हा बाजूला ठेवली गेली. माझ्या वाक्याने तुम्हाला तीच आठवली असणार.

पण चालक आत आणि बाकी सगळे बाहेर, हेही मला पचत नाही. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा, नोव्हेंबर २०२५ मध्ये तो नव्या कामगार संहितेत गेला. त्या जुन्या कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ अशी मर्यादा होती. तुमच्या तीनपैकी एका तरी गाडीवर हे कधी पाळलं गेलं का? उत्तर इथे लिहू नका.

तुमच्या चालू केसबद्दल, तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून: तुमचा ट्रक चौथा होता आणि पुढच्या तीन गाड्या आधीच आदळून थांबल्या होत्या, असं तुमचं म्हणणं आहे. ते चालकाच्या जबाबावर टिकणार नाही. ताशी ६० ने ट्रक सेकंदाला जवळपास १७ मीटर जातो, त्यामुळे त्याने ब्रेक कधी मारला हे दोन-तीन सेकंदांतच ठरतं, आणि ते ट्रकच्या जीपीएसच्या नोंदीत असू शकतं. नोंद तुमच्या विरुद्धही जाऊ शकते, हे धरून चाला. चालकाचं लायसन्स अपघाताच्या दिवशी चालू होतं का, तेही बघा. नसलं आणि तुम्हाला ते माहीत होतं असं निघालं, तर कंपनी आधी पीडिताला पैसे देईल आणि मग तुमच्याकडून वसूल करेल. विमा असूनही तीन ट्रकवाला रस्त्यावर येतो तो असा.

जीपीएसवाल्याकडे जुना डेटा किती दिवस राहतो ते आज दुपारीच फोन करून विचारा. बहुतेक जण वकिलाची तारीख लागेपर्यंत थांबतात आणि तोवर तो पुसलेला असतो.